राहतें घर आणि बिनतारणी कर्ज

"आमच्या घरावर एका पैचेंही कर्ज नाहीं," असें एखादा गृहस्थ अभिमानानें सांगतो, तेव्हां त्याचा अर्थ बहुधा इतकाच असतो, कीं त्यानें घर कोणाकडे गहाण ठेविलेलें नाहीं. घर गहाण नाहीं, घराचे कागद आपल्याच कपाटांत आहेत, तेव्हां घरास भय नाहीं, ही समजूत सुशिक्षित कुटुंबांतही किती खोल रुजलेली आहे, याचा प्रत्यय आम्हांस नुकताच एका परिचित घरांत आला. त्या घरची हकीकत, कुटुंबाच्या संमतीनें व नांवनिशाणी वगळून, या वेळीं वाचकांपुढें ठेवावी, आणि तिच्या निमित्तानें या विषयाचा थोडा विचार करावा, असें आम्हीं योजिलें आहे.

पुण्याच्या एका जुन्या पेठेंत या कुटुंबाचा दुमजली वाडा आहे. तो आजोबांनीं बांधिलेला असून त्याची वांटणी अद्याप झालेली नाहीं. थोरले बंधु शाळेंतून निवृत्त झालेले शिक्षक. ते, त्यांची पत्नी, मुलगा, सून आणि ब्याऐंशी वर्षांची वृद्ध आई अशीं पांच माणसें वाड्यांत राहतात. धाकटे बंधु नोकरीनिमित्त ठाण्यास असतात. गणपतीला व सुटीला सहकुटुंब येतात. घरांत व्यसन नाहीं, उधळपट्टी नाहीं, वाण्याची उधारीसुद्धां महिनाअखेर चुकती होते. अशा घरावर जप्ती येईल, असें कोणीं सांगितलें असतें तर आम्हीं तें हंसण्यावारीं नेलें असतें.

सात वर्षांपूर्वीं थोरल्या बंधूंच्या एका सहकाऱ्यानें एका पतसंस्थेकडून आठ लक्ष रुपयांचें कर्ज घेतलें. कर्जाला तारण कांहीं नव्हतें. दोन जामीनदार मात्र हवे होते. शिक्षकांच्या खोलींत, मधल्या सुटींत, चहा चालला असतां "सर, नुसती एक सही हवी आहे," असें सहकारी म्हणाला आणि सही झाली. कागद वाचला नाहीं. वाचावयास मागणें म्हणजे स्नेह्यावर अविश्वास दाखविणें, असें त्या वेळीं वाटलें. सहकाऱ्यानें पहिलीं दोन वर्षें हप्ते नीट भरले. पुढें त्याच्या घरीं आजारपण आलें, हप्ते थकले, आणि तो गृहस्थ पुणें सोडून गेला. पतसंस्थेचीं पत्रें जामीनदारांच्या पत्त्यावर येऊं लागलीं. थोरल्या बंधूंनीं पहिलें पत्र वाचून सहकाऱ्याला फोन केला. "या महिन्यांत भरतों" असें उत्तर मिळालें, व त्यांचें समाधान झालें. दुसरें पत्र त्यांनीं अर्धवट वाचलें. त्यानंतरचीं पत्रें न फोडतांच माडीवरच्या ट्रंकेंत जुन्या पंचांगांखालीं गेलीं. चौकशीची नोटीस तेथेंच गेली, वसुलीच्या दाखल्याची प्रतही तेथेंच गेली. घरांत त्यांनीं अवाक्षर काढलें नाहीं. "उगाच सगळ्यांना घोर कशाला," असें ते पुढें म्हणाले. पण खरें कारण लज्जा हेंच होतें, हेंही त्यांनीं मोकळेपणानें कबूल केलें.

गेल्या वर्षीं भाद्रपदांत, गौरी यावयास दोन दिवस असतां, वसुली अधिकारी पंच घेऊन दारीं आले. त्यांनीं वाड्याच्या दरवाजावर जप्तीची नोटीस डकविली, पंचनामा केला, सह्या घेतल्या आणि ते निघून गेले. सर्व मिळून अर्धा तासही लागला नाहीं. वृद्ध आई ओसरीवर वाती वळीत बसल्या होत्या. त्यांनीं विचारलें, "कसला रे कागद डकवून गेले ते? मतदारांच्या यादीचा का?" थोरल्या बंधूंच्या तोंडून उत्तर निघेना. त्या रात्रीं ट्रंक उघडली गेली. आठ लक्षांच्या कर्जाची बाकी व्याज व खर्च धरून तेरा लक्षांच्या वर गेली होती. त्यांच्या पत्नीनें सर्व ऐकून घेतलें व त्या एवढेंच बोलल्या, "सही केलीत याचा मला राग नाहीं. पण इतकीं वर्षें एका घरांत राहून मला सांगितलें नाहींत, हें मी कसें विसरूं?"

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. घर गहाण नसतां त्यावर जप्ती आलीच कशी?

तारणी कर्ज व बिनतारणी कर्ज यांतील भेद पुष्कळांस वाटतो त्याहून निराळा आहे. घर तारण ठेवून कर्ज घेतलें, तर सावकाराचा हक्क पहिल्या दिवसापासून त्या घरावर बसतो. आणि सावकार बँक असेल तर २००२ सालच्या कायद्यानें तिला न्यायालयांत दावा न लावतां, ठराविक नोटिसा देऊन, घराचा ताबा घेण्याची वाट मोकळी झाली आहे. बिनतारणी कर्जांत सावकाराचा हक्क कोणत्याही विशिष्ट वस्तूवर नसतो. तो ऋणकोच्या वचनावर असतो. तें वचन मोडलें, तर त्यानें न्यायालयांत जाऊन रकमेचा हुकूमनामा मिळवावा लागतो. येथपर्यंत घर सुरक्षित असतें. परंतु एकदां हुकूमनामा झाला, कीं ऋणकोची जी जी मालमत्ता कायद्यानें वगळलेली नाहीं, ती सर्व त्या रकमेखालीं येते. तात्पर्य, तारणी कर्जाला घराकडे जाण्याची वाट जवळची आहे व बिनतारणी कर्जाला लांबची. पण ती वाट बंद नाहीं.

जप्तींतून काय वगळलें आहे, हें १९०८ सालच्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ६० व्या कलमांत दिलें आहे. तें प्रत्येक कर्त्या माणसानें एकदां तरी वाचावें. नेसतीं वस्त्रें, स्वयंपाकाचीं भांडीं, अंथरूण-पांघरूण, धर्माचाराप्रमाणें स्त्रीला ज्यांचा त्याग करतां येत नाहीं असे अलंकार, कारागिराचीं हत्यारें, सरकारी सेवकाचें निवृत्तिवेतन, भविष्यनिर्वाह निधि, अशी ती यादी आहे. शेतकऱ्याचें राहतें घर त्यांत आहे. मजुराचें व घरगड्याचेंही आहे. पण शिक्षक, कारकून, वकील, व्यापारी यांचें राहतें घर त्या यादींत नाहीं. म्हणजे गृहिणीचें मंगळसूत्र कायद्यानें सुरक्षित आहे. तें घालून ज्या घरांत ती आली, तें घर मात्र नाहीं. पंजाबांत याच कलमाला जोड देऊन ऋणकोचें राहतें मुख्य घर जप्तींतून वगळलें आहे. अर्थात् त्याच कर्जासाठीं तें तारण दिलें असेल तर हें संरक्षण मिळत नाहीं. महाराष्ट्रांतील मध्यमवर्गाच्या घरास तशी ढाल नाहीं.

हा भेद आमच्या प्रांताला अपरिचित आहे असें मात्र नाहीं. १८७५ सालच्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांच्या घरांवर चाल करून कर्जरोखे जाळले व तो दंगा आसपासच्या मुलखांत पसरला. त्यानंतर १८७९ सालीं पुणें, सातारा, सोलापूर व अहमदनगर या जिल्ह्यांसाठीं दख्खनच्या शेतकऱ्यांचा कायदा झाला. त्याच्या २२ व्या कलमाचा आशय असा होता, कीं शेतकऱ्याची स्थावर मिळकत त्याच कर्जासाठीं स्पष्टपणें गहाण दिलेली असल्याखेरीज, नुसत्या पैशाच्या हुकूमनाम्याखालीं ती जप्त करूं नये व विकूंही नये. तो कायदा आतां राहिला नाहीं. पण त्यांतील तत्त्व विचार करण्याजोगें आहे. ज्यानें आपलें घर पणाला लावलें नव्हतें, त्याचें घर जावें काय, हा प्रश्न तेव्हां शेतकऱ्यापुरता सोडविला गेला. अमेरिकेंत टेक्सासमध्यें १८३९ सालींच राहत्या घराला असें संरक्षण दिलें गेलें. इंग्लंडांत उलट प्रकार आहे. तेथें बिनतारणी कर्जाचा हुकूमनामा झाल्यावर १९७९ सालच्या कायद्याप्रमाणें न्यायालय ऋणकोच्या घरावर त्या रकमेचा बोजा चढवूं शकतें, व पुढें विक्रीचा हुकूमही मागतां येतो. आपली स्थिति दुसऱ्या प्रकाराच्या जवळची आहे, हें ध्यानांत असावें.

आमच्या परिचयाच्या कुटुंबाच्या बाबतींत दिवाणी दावा झालाच नव्हता. १९६० सालच्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या १०१ व्या कलमाप्रमाणें पतसंस्था निबंधकाकडे अर्ज करते, निबंधक चौकशी करून वसुलीचा दाखला देतो, आणि त्या दाखल्यावर वसुली अधिकारी जप्ती व लिलाव करूं शकतो. ही वाट दाव्यापेक्षां पुष्कळच आंखूड आहे. चौकशीच्या वेळीं हजर राहून आपलें म्हणणें मांडण्याची संधि असते. ती दवडली आणि दाखला निघाला, कीं त्याविरुद्ध पुनरीक्षणाचा अर्ज करावयाचा झाल्यास एकूण येण्याच्या निम्मी रक्कम आधीं भरावी लागते. ट्रंकेंत न फोडलेलें जें पाकीट निघालें, तें याच चौकशीचें होतें.

जामीन राहणें म्हणजे काय, याविषयीं तर समाजांत विलक्षण अज्ञान आहे. जामीनदार हा साक्षीदार नव्हे, शिफारस करणाराही नव्हे. १८७२ सालच्या करार कायद्याचें १२८ वें कलम सांगतें, कीं करारांत निराळें ठरलें नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच असते. धनकोनें आधीं ऋणकोच्या मागें लागावें, तेथें कांहीं मिळालें नाहीं तर मग जामीनदाराकडे यावें, असा क्रम त्यांत नाहीं. ज्याच्याकडे घर आहे व जो पत्त्यावर सांपडतो, त्याच्याकडे धनको प्रथम येणार, हें उघड आहे. आमच्या धर्मशास्त्रकारांनीं सुद्धां जामिनाचे प्रकार बारकाईनें केले होते. माणूस हजर करीन असें म्हणणारा, माणूस विश्वासू आहे असें म्हणणारा आणि त्यानें न दिल्यास मी देईन असें म्हणणारा, हे तीन जामीन याज्ञवल्क्यानें वेगळे मानिले, व तिसऱ्याचें ऋण त्याच्या पुत्रांनींही फेडावें असें सांगितलें. मधल्या सुटींत सही करणारा आमचा शिक्षक मनांत दुसऱ्या प्रकारचा जामीन होता. कागदावर तो तिसऱ्या प्रकारचा होता.

मात्र त्याच करार कायद्यांत जामीनदाराला आधारही दिलेला आहे, आणि तोही फारसा कोणास ठाऊक नसतो. जामीनदारानें पैसे भरले, कीं धनकोचे ऋणकोविरुद्धचे सर्व हक्क त्याच्याकडे येतात व भरलेली रक्कम त्याला ऋणकोकडून वसूल करतां येते. जामीनदार दोन असतील, तर त्यांच्यामधील बोजा सारखा असतो. एकानें अधिक भरल्यास दुसऱ्याकडून तितकें मागतां येतें.

एकत्र कुटुंबाच्या घरासंबंधीं आणखी कांहीं सांगणें अवश्य आहे. पित्याचें ऋण पुत्रानें फेडावें, हें आपल्याकडे धर्मकर्तव्य मानिलें गेलें. पित्याचें ऋण अनीतीचें नसेल तर त्यापायीं वडिलोपार्जित मिळकतींतील पुत्राचा हिस्साही जाई. हिंदु उत्तराधिकार कायद्यांत २००५ सालीं झालेल्या दुरुस्तीनें यांत मोठा बदल केला. त्या वर्षाच्या ९ सप्टेंबरनंतर काढलेल्या कर्जाकरितां केवळ या धर्मकर्तव्याच्या आधारावर पुत्र-पौत्रांवर चालून जाण्याचा धनकोचा हक्क न्यायालय मान्य करीत नाहीं. परंतु यावरून कोणीं निर्धास्त होऊं नये. पित्याच्या मृत्यूनंतर मुलांकडे व मुलींकडे जी मिळकत वारसानें येते, ती पित्याच्या देण्यासह येते. मिळकतीच्या मर्यादेपर्यंत तें देणें त्यांस द्यावें लागतें.

वांटणी न झालेल्या घरांतील एका भावाच्या कर्जासाठीं दुसऱ्या भावाचा हिस्सा जात नाहीं. पण कर्जदार भावाचा हिस्सा जप्त होऊन विकला जाऊं शकतो. तो परक्यानें विकत घेतला, तर काय करावें? १८८२ सालच्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचें ४४ वें कलम म्हणतें, कीं एकत्र कुटुंबाच्या राहत्या घरांतील हिस्सा घेणाऱ्या परक्यास कुटुंबासह त्या घरांत राहण्याचा हक्क नाहीं. त्यानें वांटणीचा दावा लावला, तर १८९३ सालच्या वांटणी कायद्याप्रमाणें कुटुंबांतील हिस्सेदार न्यायालयानें ठरविलेल्या किमतीस तो हिस्सा परत विकत घेऊं शकतो. ओसरीवर परक्याची खाट पडूं नये, याची काळजी कायद्यानें घेतली आहे. पण त्यासाठीं घरांतल्या माणसांनीं एकमतानें व वेळेवर उभें राहिलें पाहिजे.

येथवर जामीनकीचा विचार झाला. हल्लीं तरुण कुटुंबांत दुसरा एक प्रकार वाढला आहे. क्रेडिट कार्ड, वैयक्तिक कर्ज, मोबाईलवर कांहीं मिनिटांत मिळणारें कर्ज, या सर्वांना तारण लागत नाहीं, आणि म्हणूनच तीं निरुपद्रवी वाटतात. वस्तुतः तारण नसल्यामुळें धनको आपला धोका व्याजांत भरून काढतो. कार्डाच्या थकलेल्या रकमेवर दरमहा शेंकडा साडेतीन हा दर धरला, आणि एक लक्ष रुपये न फेडतां तसेच राहूं दिले, तर चक्रवाढीनें एकवीस महिन्यांत ते दोन लक्षांवर जातात. उशिराचा दंड व कर त्याखेरीज. आमच्या पूर्वजांनीं 'दामदुपट' म्हणून एक नियम पाळिला होता. एका वेळीं मुद्दलाहून अधिक व्याज मागूं नये, असा तो नियम. तो मनांत धरून कोणी कार्डाच्या देण्याचा अंदाज बांधील, तर तो फसेल. दरमहा 'किमान रक्कम' भरणारा मनुष्य आपण देणें फेडीत आहों असें समजतो. पुष्कळदां तो व्याजाच्याच दारांत उभा असतो.

अशा कर्जांत दाव्याची नोटीस आली तर पहिला नियम हा, कीं ती त्याच दिवशीं फोडून वाचावी व तारीख लिहून ठेवावी. लेखी करारावरील पैशाच्या दाव्यांत पुष्कळदां संक्षिप्त पद्धत लावतात; तींत समन्स लागल्यापासून दहा दिवसांत हजेरी नोंदवावी लागते व पुढें बचाव करण्याची परवानगी मागावी लागते. तें केलें नाहीं, तर वादीचें म्हणणें मान्य धरून हुकूमनामा होतो. कांहीं करारांत लवादाची अट असते. लवादाची नोटीस हें धमकीचें पत्र समजून पुष्कळ लोक टाकून देतात, पण लवादाचा निवाडा हुकूमनाम्यासारखाच बजावला जातो.

हजर राहिल्यानें काय मिळतें? पुष्कळ मिळतें. हिशेब तपासून मागतां येतो. दावा मुदतीबाहेरचा असेल तर तसें दाखवितां येतें; साधारणतः पैशाच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत आहे, मात्र मुदत संपण्यापूर्वीं देणें लेखी कबूल केलें, तर ती पुन्हां नव्यानें सुरू होते. हुकूमनामा व्हावयाचाच असेल तर हप्ते बांधून द्यावे, अशी न्यायालयास विनंति करतां येते. एकदां झालेला हुकूमनामा बारा वर्षें जिवंत असतो. तो विसरला जाईल या आशेवर बसूं नये.

जप्तीनंतरही कायदा कांहीं दारें उघडीं ठेवितो. ज्या हिश्शाच्या विक्रीनें देणें भागतें, तेवढाच विकावा, सर्व विकूं नये, असा दंडक आहे. जाहीरनाम्यानंतर किमान पंधरा दिवस गेल्याखेरीज स्थावराचा लिलाव ऋणकोच्या संमतीवांचून होत नाहीं. त्या अवधींत खासगी रीतीनें घराचा भाग विकून किंवा गहाण ठेवून रक्कम उभी करतों, असा अर्ज केल्यास न्यायालय लिलाव पुढें ढकलूं शकतें. लिलाव होऊन गेल्यावरसुद्धां साठ दिवसांच्या आंत हुकूमनाम्याची रक्कम, व खरेदीदारासाठीं खरेदीच्या किमतीवर शेंकडा पांच, इतकें भरून विक्री रद्द करून घेतां येते. हे नियम दिवाणी न्यायालयाच्या विक्रीचे आहेत. सहकारी वसुलीचे नियम वेगळे आहेत, तरी तेथेंही हरकत घेण्याची सोय आहे. या प्रत्येक दाराला मुदतीची कडी आहे. जो गप्प बसतो, त्याच्यासमोर तीं एकामागून एक लागत जातात.

आणखी दोन गोष्टींपासून सावध करणें आम्ही आपलें कर्तव्य समजतों. पहिली, घर घाईघाईनें पत्नीच्या वा मुलाच्या नांवें करण्याचा सल्ला. तो देणारे शहाणे प्रत्येक गल्लींत भेटतात. धनकोंस बुडविण्याच्या हेतूनें केलेलें असें हस्तांतरण धनकोंस रद्द करवून घेतां येतें. शिवाय ऋणकोच्या प्रामाणिकपणावर डाग बसतो व तडजोडीची वाट खुंटते. दुसरी, एक बिनतारणी कर्ज फेडण्यासाठीं खासगी सावकाराकडून दुसरें घेणें, आणि त्याला 'नुसतें नांवापुरतें' खरेदीखत करून देणें. महाराष्ट्राच्या २०१४ सालच्या सावकारी नियमन कायद्यानें, सावकारीच्या व्यवहारांतून बळकावलेली स्थावर मिळकत परत देवविण्याचा अधिकार जिल्हा निबंधकास दिला आहे. परंतु नोंदलेलें खरेदीखत हें कर्जाचें सोंग होतें असें सिद्ध करणें सोपें नसतें. जें घर कोणत्याही कागदांत गुंतलेलें नव्हतें, तें आपल्या हातानें गुंतवूं नये.

भीतीविषयींही एक शब्द. वसुलीच्या माणसांनीं रात्रीं-अपरात्रीं फोन करणें, शेजाऱ्यांना सांगणें, अपशब्द वापरणें, हें नियमबाह्य आहे; सकाळीं आठच्या आधीं व सायंकाळीं सातनंतर ऋणकोस वसुलीचे फोन करूं नयेत, असें रिझर्व्ह बँकेनें २०२२ सालीं बँका व वित्तसंस्था यांस बजाविलें आहे. तसेंच, ऐपतच नाहीं म्हणून पैसे देतां आले नाहींत, एवढ्यावरून कोणास दिवाणी तुरुंगांत घालीत नाहींत. सर्वोच्च न्यायालयानें १९८० सालीं हें स्पष्ट केलें आहे. ऋण असणें हा गुन्हा नव्हे. पण आपल्या घरांतून ऋणाविषयीं जी लज्जा मुरलेली आहे, ती माणसाला ऋण काढण्यापासून थोपवीत नाहीं. फक्त सांगण्यापासून थोपविते. घर जातें तें बहुधा या मौनापायीं.

आतां त्या कुटुंबाचें पुढें काय झालें, हें जाणण्याची उत्सुकता वाचकांस असेलच. दुसऱ्या दिवशीं धाकटे बंधु ठाण्याहून आले. रागावले, आणि मग बसले. सून एका कचेरींत हिशेबाचें काम करते. तिनें ट्रंकेंतील सर्व कागद तारखेप्रमाणें लावले. त्यांवरून तीन गोष्टी दिसून आल्या. जप्तीच्या नोटिशींत सबंध वाडा लिहिला होता, वस्तुतः त्यांत आईचा व धाकट्या बंधूंचाही हिस्सा होता. दुसऱ्या जामीनदारानें आजवर एक पैही भरली नव्हती. आणि पतसंस्थेंत सामोपचार परतफेडीची योजना चालू होती. वकिलाच्या सल्ल्यानें आई व धाकटे बंधु यांनीं आपल्या हिश्शांविषयीं लेखी हरकत दिली. दुसऱ्या जामीनदारास त्याच्या घरीं जाऊन शांतपणें कायदा दाखविला. आणि संस्थेशीं बोलणें करून साडेनऊ लक्षांत देणें मिटविलें. निम्मी रक्कम त्या जामीनदारानें भरली. उरलेल्या निम्म्यापैकीं कांहीं थोरल्या बंधूंची ठेव मोडून आली, कांहीं मुलानें दिली, व एक लक्ष धाकट्या बंधूंनीं न मागतां आणून ठेविले. आईंनीं आपल्या पाटल्या पुढें केल्या होत्या. त्या कोणीं घेतल्या नाहींत. फिरता सहकारी अद्याप सांपडलेला नाहीं, आणि थोरल्या बंधूंच्या म्हातारपणाची पुंजी बहुतेक गेली. वाडा राहिला. पत्नीचा अबोला पुढें कांहीं महिने चालला, तोही आतां सुटला असें ऐकतों.

हें लिहीत असतां आम्हांस स्वतःच्या दोन सह्या आठवल्या. एक आप्ताच्या कर्जासाठीं, एक मित्राच्या. दोन्हीं कर्जें फिटलीं कीं नाहीं, हें आम्हीं कधीं विचारलेंच नव्हतें. ज्या दिवशीं ही हकीकत ऐकली, त्याच सायंकाळीं आम्हीं घरीं त्या दोन्हीं सह्यांचा उच्चार केला व दुसऱ्या दिवशीं चौकशी केली. एक फिटलें आहे. दुसऱ्याचे चौदा हप्ते अजून उरले आहेत.

वाचकांस आमची विनंति इतकीच, कीं या महिन्यांत एका रविवारीं जेवणें आटोपल्यावर घरांतील सर्व मोठ्या माणसांनीं एकत्र बसावें. सुना व मुली यांना वगळूं नये. कोणावर कोणतें देणें आहे, कोणीं कोठें जामीन सही केली आहे, कोणाच्या कार्डावर किती बाकी आहे, याची यादी एका वहींत करावी, आणि न फोडलेलीं पाकिटें असल्यास तीं सर्वांसमक्ष फोडावीं. त्या वेळीं कोणीं कोणास बोल लावूं नये. बोल लावला, कीं पुढच्या वर्षीं वहींत कोणी खरें सांगणार नाहीं. ही वही घराच्या कागदांशेजारींच ठेवावी, आणि दर वर्षीं एकदां तरी सर्वांनीं मिळून ती पुन्हां वाचावी.